घामाचा हिशेबनीस

जबलपूरच्या मराठी गोतावळ्यात असा एक गृहस्थ आता हमखास सापडतो. हायकोर्टात वकिली करतो, वीज कंपनीत इंजिनिअर असतो, नाहीतर खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात जमाखर्च बघतो. चाळिशी उलटली, रक्तातली साखर जरा वर गेली, डॉक्टर म्हणाले ‘चालत जा’, आणि हा चालता चालता थेट गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर पोहोचला. तिथे २०१९पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत होते: १.९ किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून ९० किलोमीटर कापायचे आणि सायकल ठेवून २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांच्या आत, आणि तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दमट उन्हात. एवढ्यानं कोणाचं काही बिघडत नाही. त्याची महागडी सायकल खपवून घेता येते, पहाटे चारचा गजर त्याच्या घरच्यांचा प्रश्न आहे. सहन होत नाही तो त्याचा वजनकाटा.

घराबाहेर पडण्यापूर्वी हा काट्यावर उभा, परत आल्यावर अंग कोरडं करून पुन्हा काट्यावर. मधे किती प्यायलो ते वहीत लिहिलेलं असतंच. भेडाघाटपर्यंत सायकल मारून येतो, पण धुवांधार धबधबा कसा कोसळत होता हे सांगायचं सोडून म्हणतो, “आज घाम ताशी १.४ लिटर.” मुंजीत एखादी मावशी कौतुकानं म्हणते, “बारीक झालास रे!” तर चेहरा पाडून उत्तर येतं, “ते पाणी गेलंय, मावशी. रात्रीपर्यंत भरून काढायचंय.” पाण्याचा पेला पुढे केला की विचारतो, किती मिलिलिटर? पंगतीत मीठ वाढणारा पुढे सरकला की त्याला परत बोलावतो. काळ्या टोपीवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, त्या नकाशासारख्या वाचतो आणि ती टोपी जेवणाच्या टेबलावर पुरावा म्हणून मांडतो. घरचे लोक टोपी उचलतात, हा तिचा फोटो दाखवतो.

लोकांचा समज असा, की हा उन्हाशी मस्ती करतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे: अख्ख्या शहरात उन्हाला रीतसर भिणारा माणूस हा एकटाच. पायडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जेमतेम पाव हिस्सा सायकल पुढे ढकलतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. म्हणून मे महिन्यातल्या जबलपूरच्या कोरड्या ४२ अंशांपेक्षा गोव्याचे दमट ३२ अंश धावणाऱ्याला जड जाऊ शकतात, कारण तिथे घाम टपटप गळतो आणि अंग तापलेलंच राहतं. नौतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, सोसल्याचा अभिमान बाळगणाऱ्या जबलपूरकरांना हे पटत नाही, “गोव्याच्या उन्हाचं काय घेऊन बसलात!” म्हणून ते हसतात. हा मात्र काटा पुढे करतो. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाय मंदावतात. उलट ते वाढलं तर पाणी जास्त झालं, रक्तातलं सोडियम पातळ झालं, आणि त्यानं भोवळच काय, झटकेही येऊ शकतात. तहान आणि अतिपाणी या दोन्हींवर नजर ठेवणारं याहून स्वस्त यंत्र नाही. शिवाय उन्हाची सवय अंगात मुरायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ही मुदत छातीठोक बोलण्यानं कमी होत नाही.

‘मर्दाला हिशेब कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी जुने दाखले बघावेत. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा मॅरेथॉनपटू फ्रान्सिस्को लाझारो उन्हापासून बचाव म्हणून अंगाला मेण फासून धावला असं सांगतात. घामाची वाटच बंद झाली, वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. २०१९मध्ये दोहाला जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेची महिला मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली, तरी निघालेल्या ६८ जणींपैकी २८ जणी शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या ट्रायथलॉन शर्यतीत २०१६मध्ये ऑलिंपिक पदकविजेता जॉनी ब्राउनली शेवटच्या टप्प्यात दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला आणि भावानं त्याला धरून रेषेपर्यंत नेलं. यांच्यात हिमतीची कमतरता होती असं कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपले आजोबा-पणजोबा अनवाणी नर्मदा परिक्रमा करून आले, त्यांनी कुठे सोडियम मोजलं? पण परिक्रमावासी पहाटे उठून चालतो, ऊन चढलं की घाटावर नाहीतर झाडाखाली थांबतो, चातुर्मासात एका जागी मुक्काम करतो आणि सदावर्तात मिळेल ते जेवतो. वेग, वेळ, सावली आणि मीठ, चारही गोष्टींची सोय परंपरेनंच करून ठेवली आहे. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं आणि मठ्ठा ज्या घरांनी सोडला नाही, त्या घरांतही हा हिशेब चमच्यानं होतच होता. आपल्या गृहस्थानं तो वहीत उतरवला, इतकंच. आपला छळ होतो तो त्यानं ती वही सगळ्यांना वाचून दाखवल्यानं.

उरतो तो आक्षेप मात्र खरा आहे: हे पैसेवाल्यांचं खूळ. गोव्यात त्याच्यासाठी थोड्याथोड्या अंतरावर पाणी, बर्फ, डॉक्टर उभे असतात आणि तोल गेलाच तर त्याला शर्यतीतून बाहेर काढायचा अधिकारही कोणाकडे तरी असतो. नौतपाच्या भर दुपारी दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं डांबर पसरणाऱ्या मजुराला यातलं काहीच नसतं, आणि त्याला मध्येच थांबण्याची मुभाही नसते. पण कॉलनीतले आपण सगळे कूलरसमोर बसलेलो असताना त्या मजुराकडे बघून ज्याचा जीव कासावीस होतो, तो हाच. तासाला लिटरभर घाम म्हणजे काय हे त्याच्या अंगानं शिकलेलं असतं. कंत्राटदाराशी वाद घालायला तोच जातो, पन्ह्याची कळशी फाटकाशी तोच ठेवतो. अर्थात पेला हातात देताना मजुरालाही विचारतो, “सकाळी वजन किती होतं?” तेवढं त्याला माफ करावं.

कारण त्याचं ज्ञान मुळात गरिबाच्याच कामाचं आहे. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याच्या मिश्रणावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले, त्याला महाग यंत्र लागलं नव्हतं. म्हणून या गृहस्थाला हसा, टोपी टेबलावरून उचला, पण त्याची वही एकदा मागून घ्या. येत्या उन्हाळ्यात दारात बांधकाम निघालं तर पहाटेची सुरुवात, दुपारची सुट्टी, सावली आणि मीठ-साखरेचं पाणी एवढं कंत्राटदाराकडून आधीच कबूल करून घ्या.