अहो ताई, सुट्टे आहेत का?

पेट्रझाल्का स्टेशनवर उतरल्या उतरल्या लेखिकाबाईंनी जाहीर केलं, "खरं ब्रातिस्लाव्हा हेच. टूरवाल्यांना हे जन्मात दिसायचं नाही."

टूरवाल्यांना ते दिसत नाही, कारण टूरवाल्यांचा मॅनेजर पाटी पूर्ण वाचतो. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हाला जाणाऱ्या गाड्या दोन वेगळ्या स्टेशनांवर जातात. मुख्य स्टेशन डॅन्यूबच्या उत्तरेला आहे आणि तिथून जुनं शहर चालत गाठता येतं. पेट्रझाल्का पडतं नदीच्या दक्षिणेला. तिथे समाजवादी राजवटीत उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारती आहेत, त्यांच्या मागे तशाच इमारती आहेत आणि त्यांच्याही मागे तशाच. मैत्रिणीने व्हिएन्नाच्या फलाटावर विचारलंही होतं, "अगं, ब्रातिस्लाव्हाच्या पुढे अजून काहीतरी लिहिलंय." त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "स्लोव्हाक भाषेत 'जंक्शन' असेल."

दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. पाठीवर नव्या कोऱ्या सॅक, ज्यांचे निम्मे पट्टे कशासाठी असतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी उपमा, रात्री वरणभात आणि मधल्या वेळात स्वित्झर्लंड, अशा सहलींना बाईंचा तात्त्विक विरोध. आपण प्रवासी, ते पर्यटक. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट अशा तीन राजधान्या एका दिवसात करायच्या आणि त्याही पाठीवर सॅक टाकून, हा बेत त्यांनी निघण्यापूर्वीच व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांवर टाकला होता. त्यात अशक्य काही नाही. पहिल्या दोन राजधान्यांमधलं अंतर जेमतेम साठ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जाऊन यावं तसं. फक्त लोणावळ्याला जाणारी गाडी लोणावळ्यालाच जाते.

बसने नदी ओलांडायची ठरलं. तिकीट घेतलं, बाई खिडकीशी बसल्या आणि ते नाजूकपणे पर्समध्ये ठेवू लागल्या. शेजारच्या स्लोव्हाक आजींनी ते त्यांच्या हातातून सरळ काढून घेतलं, उठून दांड्यावरच्या यंत्रात खुपसलं, खट्‌ असा आवाज काढला आणि शिक्का उमटलेलं तिकीट परत दिलं. तिकडे नुसतं तिकीट काढून भागत नाही. शिक्का नसला, की तुम्ही विनातिकीट. आजी एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मराठीत 'शिकलेली दिसते तरी' असं म्हणतात.

जुन्या गावात सगळं यथासांग झालं. गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून हनुवटी हातांवर टेकलेला चुमिल हा १९९७ सालचा ब्राँझचा माणूस बघून झाला. बटाट्याच्या बारीक गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज घातलेला हालुश्की हा पदार्थ मागवला, त्यावरचे डुकराच्या चरबीचे तुकडे शाकाहारी मैत्रिणीने एकेक करून बशीच्या कडेला रचले आणि मग उरलेलं खाल्लं. सोबत कोफोला. चेकोस्लोव्हाकियात १९६० च्या सुमाराला पाश्चात्त्य कोलाला पर्याय म्हणून निघालेलं हे पेय अजूनही अर्ध्या लिटरच्या ग्लासात भरून देतात. मैत्रिणीने एक संपवला आणि दुसरा मागवला. हे लक्षात ठेवा.

बुडापेस्टची गाडी मिळाली आणि तासाभरात मैत्रीण उठून गेली. परत आली ती घाईने. डब्याच्या एका टोकाचं स्वच्छतागृह कुलूपबंद. दुसऱ्या टोकाचं? त्यावर स्लोव्हाक आणि हंगेरियन अशा दोन भाषांत चिठ्ठी. दोन्ही भाषांचा अर्थ एकच निघाला.

तिचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून लेखिकाबाईंनी विषय काढला. आता माणसाने कोणता विषय काढावा? बाईंनी सार्वजनिक मुताऱ्यांचा इतिहास काढला. त्यावर त्यांनी एकदा दिवाळी अंकासाठी टिपणं काढली होती आणि लेख साभार परत आला होता, त्यामुळे माहिती ताजी होती.

सुरुवात अर्थातच रोमपासून. सम्राट व्हेस्पासियनने मुताऱ्यांत जमणाऱ्या मूत्रावर कर बसवला, कारण कातडी कमावणाऱ्यांना आणि कपडे धुणाऱ्यांना ते लागायचं. मुलगा टायटस नाराज झाला, तर बापाने त्याच्या नाकाशी नाणं धरून विचारलं, येतो का वास? "आणि बरं का," बाई म्हणाल्या, "आज सकाळी आपण जिथे होतो ते व्हिएन्ना आणि आता जातोय ते बुडापेस्ट, दोन्हीकडे रोमन छावण्या होत्या. विंडोबोना आणि अक्विंकुम."

"किती वेळ आहे अजून?" मैत्रीण म्हणाली.

मग १८५१. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं प्रदर्शन, जॉर्ज जेनिंग्जने बसवलेली स्वच्छतागृहं, दर एक पेनी आणि सवाआठ लाखांहून अधिक गिऱ्हाइकं. मग १९०५. व्हिएन्नात ग्राबेन रस्त्याच्या पोटात बांधलेलं विल्हेल्म बीट्झचं देखणं शौचालय, पितळ आणि लाकूडकाम जपलेलं. "सकाळी आपण त्याच्यावरून चालत गेलो," बाई म्हणाल्या. मैत्रिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू बीट्झला बाईच ओळखत होत्या आणि तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर, श्तुरोव्होपासून पुढे, डॅन्यूब सोबतीला आली. पलीकडच्या तीरावर एस्टरगोमचा भव्य घुमट. नदीची लांबी २८५० किलोमीटर, आणि ती एका क्षणाचाही खळ न घेता वाहत होती. मैत्रिणीने पडदा ओढला.

इथे बाईंनी थांबायला हवं होतं. पण १९६९ यायचं होतं. त्या वर्षी मार्च फाँग यू या कॅलिफोर्नियाच्या आमदारबाईंनी सॅक्रामेंटोच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर चिनी मातीचं कमोड ठेवलं आणि घण घालून फोडलं. मुद्दा साधा होता. पुरुषांच्या मुताऱ्या फुकट. बाईला मात्र दार असलेली खोली लागते आणि दाराला नाण्याचं कुलूप. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाने अशी शौचालयं बंद केली. आपल्याकडे मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'वाल्या कार्यकर्त्या नेमकं हेच सांगत होत्या: पुरुषाला फुकट आणि बाईकडून पैसे, हा कुठला न्याय? ॲमस्टरडॅममध्ये आडोशाला बसली म्हणून एका तरुणीला दंड झाला. ती कोर्टात गेली, तर २०१७ साली न्यायाधीशांनी सुचवलं, की पुरुषांची मुतारी वापरायची होती. त्या वेळी शहरात पुरुषांसाठी ३५ मुताऱ्या होत्या आणि बायकांना वापरता येतील अशा ३.

मैत्रीण हसली नाही. ती म्हणाली, "आमच्या पहिल्या ब्रँचला एकच होतं. मागच्या अंगाला. किल्ली हेडकॅशियरकडे. ती मागायला उठायचं म्हणजे काउंटरसमोरच्या रांगेतून जायचं. मी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायचे नाही. दोनदा मुतखडा झाला. आज म्हटलं सुट्टी आहे, आज पिते."

बाईंना पुढचं साल आठवेना.

गाडी न्युगाती स्टेशनात शिरली. आयफेलच्या कंपनीने बांधलेलं, १८७७ चं, लोखंड आणि काचेचं काम अप्रतिम. ते बघायला कोणी थांबलं नाही. स्वच्छतागृह सापडलं. दाराशी नाण्यांचं यंत्र, शेजारी काकू बसलेल्या. बाईंनी पन्नास सेंटचं नाणं पुढे केलं, काकूंनी मान हलवली. स्लोव्हाकियात २००९ पासून युरो चालतो, हंगेरीत फोरिंट. हे बाईंना माहीत होतं. ब्रातिस्लाव्हाच्या चौकात त्यांनी त्यावर भाषणही दिलं होतं. फोरिंट मात्र घेतले नव्हते.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "चला, प्रत्येकीने आपापलं नाणं हातात घ्या! आत गेल्यावर शोधत बसू नका!"

मराठी टूर. गळ्यात सारख्या रंगाचे पट्टे, पायांत पांढरे बूट आणि प्रत्येकीच्या मुठीत मॅनेजरने सकाळीच वाटलेली नाणी. लेखिकाबाई पाठ फिरवून वेळापत्रकाचा फलक वाचू लागल्या आणि शक्य तितक्या स्पॅनिश दिसू लागल्या. मैत्रिणीने उभी हयात कॅश काउंटरवर काढलेली. तिला असल्या बाबतीत लाज वाटत नाही.

"अहो ताई, सुट्टे आहेत का? दोघींसाठी."

सोलापूरच्या ताईंनी आधी नाणी दिली आणि मग चौकशी केली: एकट्याच आलात? मिस्टर नाही आले? जेवलात का? शेवटी बाईंच्या सॅककडे बघून विचारलं, "एवढं ओझं कशाला घ्यायचं गं? आमच्या बॅगा बसमध्ये असतात."

दोनशे फोरिंटच्या नाण्यावर बुडापेस्टच्या साखळी पुलाचं चित्र असतं. १८४९ चा हा पूल सूर्यास्ताच्या वेळी पाहायचा आणि तिथून चारही ग्रुपांवर फोटो टाकायचा, हा दिवसाचा कळस ठरला होता. बाईंना तो प्रथम दिसला नाण्यावर, तोही यंत्राच्या फटीत जाताना. रात्री उशिरा प्रत्यक्ष पाहिला. छान आहे. ताईंनी दिलेल्या शेंगाचटणीबरोबर पाव खात खात पाहिला.

तेव्हा हा मार्ग करणाऱ्या भगिनींनो, दोन्ही चलनांची नाणी वेगवेगळ्या बटव्यांत ठेवा, आणि बटवे सॅकमध्ये नको, कमरेला. गाडीत बसण्याआधी डब्याची दोन्ही टोकं तपासा. पण पाणी प्या. भरपूर प्या.