उपवासाला वाइन चालते का?

नाशिकला स्वतःचं घर असलेल्या माणसाला शनिवार-रविवार स्वतःचा नसतो. पूर्वीचे पाहुणे तरी बरे. ते नारायण-नागबळीसाठी त्र्यंबकला यायचे, रामकुंडावर जायचे, पितरांचं काय असेल ते मिटवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने परत जायचे. हल्ली पितर मागे पडलेत. शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन वाजतो, "दाजी, उद्या येतोय. वाइनरीचं काय ते बघून ठेवा." त्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला आणि कसारा घाट ही आम्हा नाशिककरांची एकमेव तटबंदीही पडली. ठाण्याचा मेव्हणा आता आमच्या दुधवाल्याच्या मागोमाग दारात उभा असतो.

शनिवारी सकाळी गंगापूर रोडला उभं राहून गाड्यांचे नंबर वाचावेत. एमएच झिरो टू, झिरो फोर, फोर्टी सेव्हन. मधूनच एखादी एमएच पंधरा दिसते, तिच्यात पुढे गाडी चालवणारा नाशिककर आणि मागे त्याचे पाहुणे. नाशिकचा माणूस आपणहून वाइनरीत जात नाही. पुण्याचा माणूस जसा शनिवारवाडा फक्त पाहुण्यांना दाखवायला चढतो, तसंच हे.

यावेळी गाडीत मेव्हणा, त्याची बायको, आमची ही, आणि डोळे तपासायला म्हणून आदल्या दिवशी निफाडहून आलेले काका-काकी. काकांची चाळीस वर्षांची द्राक्षबाग. थॉमसन, सोनाका, शरद, सगळं लावून झालेलं. "वाइनची बाग बघायला येता का?" असं मी केवळ रीत म्हणून विचारलं, तर काका टोपी घालून गाडीत जाऊन बसले. काकींनी हातात पिशवी घेतली आणि जाहीर केलं, "माझा शनिवार आहे. मी काही खाणार नाही, पण येते."

आधी मिसळ. कुठली ते सांगत नाही. त्या प्रश्नावरून नाशकात सख्खे भाऊ वेगळे राहायला लागलेत. हल्ली मिसळ शहरात मिळत नाही, शेतात मिळते. बैलगाडी, झोपाळे, चुलीचा धूर आणि नाव लिहून घेणारा माईकवाला. मेव्हण्याने काळ्या रश्श्याच्या तीन वाट्या रिचवल्या, पापड चुरला, वर जिलबी खाल्ली आणि घाम पुसत म्हणाला, "आता पॅलेट तयार झालं." वास्तविक तयार काय, जे काही होतं ते जळून गेलं होतं. काकींसाठी येताना सायंतारामधून साबुदाणा वडा बांधून घेतला. त्यांनी तो गाडीतच खाल्ला. शांतपणे, चवीने, कुठलीही नोंद न करता.

गंगापूर धरणाच्या अंगाला वळलं की नाशिक संपतं आणि भलतंच काहीतरी सुरू होतं. तीसेक वर्षांपूर्वी इथे गवत होतं. कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून राजीव सामंत परत आले, त्यांनी वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. आई सुलभा, म्हणून सुला. आईचं नाव बंगल्यावर, ट्रकवर, दूध डेअरीवर घालणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ. बाटलीवर घालणारा विरळाच. पाठोपाठ २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत वाइनऱ्या उभ्या राहिल्या. काही टिकल्या, काहींच्या टाक्या आजही ओस आहेत. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हापासून आमच्या खोऱ्याला आम्ही सोडून सगळे व्हॅली म्हणतात.

आम्ही गेलो त्या वाइनरीचं नाव राहू द्या. दारातच प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली. काकी म्हणाल्या, "सिव्हिलमध्ये बांधतात तशी." पैसे माणशी होते. काकींचेही घेतले, जरी त्या फक्त बघणार होत्या. मग टी-शर्ट घातलेली एक चुणचुणीत पोरगी आली, "वेलकम, सर, मॅम, अंकल, आँटी" म्हणाली आणि आम्हाला बागेत घेऊन गेली. पुढचा अर्धा तास तिच्या नोकरीतला सर्वांत अवघड अर्धा तास असणार.

काकांनी पहिल्याच ओळीत वाकून घड हातात घेतला, उलटा केला, एक मणी तोडून तोंडात टाकला आणि थांबले. मग बाजूला वळून थुंकले.

"बी आहे."

"हो अंकल, वाइन ग्रेप्सना सीड असतं."

"आणि मणी एवढासाच? जीए दिला नाही का?"

तिला जीए माहीत नव्हतं. काकांनी ते तिथेच, वेलाला टेकून समजावलं. घड औषधात बुडवायचा, विरळणी करायची, मणी फुगवायचा. निर्यातीला १८ मिलिमीटरचा मणी मागतात, त्याखालचा माल गेला बेदाण्याला. पोरगी धीराची होती. ती म्हणाली, "अंकल, आम्हाला छोटाच मणी हवा. रंग आणि चव सालीत असते. मणी लहान, म्हणजे साल जास्त, रस कमी."

काका गप्प झाले. चाळीस वर्षं माणसाने मणी मोठा करण्यात घालवावी आणि टी-शर्टमधल्या मुलीने लहानच मणी हवा असं सांगावं, हे पचायला वेळ लागतो. मग त्यांनी खुंट कुठला विचारला. तो जंगली खुंटावरच भरलेला आहे म्हटल्यावर जरा निवळले. पाणी? कमी देतो, वेलाला ताण हवा. गोडी? "तुमचं टेबल ग्रेप अठराच्या आसपास तोडतात ना अंकल? आम्ही बावीस-तेवीस ब्रिक्सपर्यंत थांबतो."

"आणि तोवर गारपीट झाली तर?"

याचं उत्तर तिच्या पाठांतरात नव्हतं. मेव्हण्याच्या बायकोने तेवढ्यात वेलीबरोबर सेल्फी काढला. ती त्या सगळ्या वेळात "अगदी फ्रान्स वाटतं" असं म्हणत होती. खरं तर फ्रान्स अजिबात नाही. तिकडे वेल थंडीत झोपतो आणि सप्टेंबरच्या सुमाराला तोडणी होते. आमच्या वेलाला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि माल तयार होतो जानेवारी ते मार्च. दोनदा कात्री आणि पीक एकदा. हे गणित काकांनी मेव्हण्याच्या बायकोला सांगितलं, पण तिचा फोन तेव्हा सेल्फी मोडमध्ये होता.

टाक्यांच्या हॉलमध्ये थंडगार होतं. उंच स्टीलच्या टाक्या, वर शिड्या, खाली पाइप, आणि आंबट-गोड असा एक वास. पांढरी वाइन कमी तापमानाला हळूहळू आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग. काळ्या द्राक्षाचाही आतला रस बहुतेक पांढराच असतो, हे ऐकून आमच्या हिला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. इथेच काकींनी सकाळपासून मनात घोळवलेला प्रश्न काढला.

"द्राक्षं उपवासाला चालतात."

"हो आँटी."

"द्राक्षाचा रस चालतो."

"हो."

"मग तो जरा जुना झाला तर काय बिघडलं? हे उपवासाला का चालू नये?"

हॉलमध्ये शांतता. पलीकडच्या ग्रुपमधले दोघे जण चर्चा ऐकायला सरकून उभे राहिले. धर्मशास्त्राचा एवढा निखळ प्रश्न त्या टाक्यांनी ऐकला नसेल. मेव्हणा म्हणाला, "काकी, मुद्दा बरोबर आहे, फळच आहे." गाइड पोरगी मात्र प्रामाणिक. ती म्हणाली, "आँटी, त्यात यीस्ट घालतो आम्ही."

"ते काय असतं?"

"पावात घालतात ना, तसलंच."

"अगंबाई!" काकी दोन पावलं मागे सरल्या. "पावातलं? मग नको."

अल्कोहोलचा विषयच निघाला नाही. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर महाराष्ट्र महिनाभर भांडला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. त्या वेळी काकींना विचारलं असतं तर यीस्टच्या एकाच मुद्द्यावर निकाल लागला असता.

टेस्टिंगला लांबलचक टेबल. समोर कागद, त्यावर ग्लासांसाठी काढलेले गोल, बाजूला खारी बिस्किटं आणि एक स्टीलचं भांडं. गाडी मला चालवायची असल्याने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. त्यामुळे मी हे सगळं पूर्ण शुद्धीत पाहिलं. आधी बघा, मग फिरवा, मग वास घ्या, मग घोट. आणि जास्त वाटलं तर भांड्यात थुंका. थुंकलं कोणीच नाही. पैसे देऊन तोंडात घेतलेली गोष्ट बाहेर टाकायची, हे मराठी माणसाला जमणं शक्य नाही. ते भांडं फक्त काकांनी वापरलं, खिशात आणलेल्या द्राक्षांच्या बियांसाठी.

फिरवायचं म्हटल्यावर मेव्हण्याने मनगट असं झटकलं की शेनिन ब्लां शेजारच्या पार्ल्याच्या गृहस्थांच्या लिननच्या शर्टावर. ते सद्गृहस्थ म्हणाले, "नो प्रॉब्लेम, व्हाइट आहे." या सगळ्या दिवसात वाइनचं एवढं नेमकं ज्ञान दुसऱ्या कोणी दाखवलं नाही.

सोव्हिन्यो ब्लां आली. गाइड म्हणाली, यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तो खरोखर येतो, नाशिकच्या सोव्हिन्योची ती ओळखच आहे. आमची ही म्हणाली, "डब्यात ढोबळीची भाजी दिली तर परत आणतोस ना?" हे मेव्हण्याला. तो मान हलवत म्हणाला, "ताई, ही वेगळी." शिराझच्या वेळी काकींनी ग्लास ओढून घेतला. वास घेतल्याने उपवास मोडत नाही. डोळे मिटून त्यांनी हुंगलं आणि गाइड तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "काळी मिरी. आणि जरा लवंग." पोरगी चाट पडली. मिरी शिराझची, लवंग ओकच्या पिंपाची, दोन्ही तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. काकींनी पुन्हा एकदा हुंगलं आणि विचारलं, "यात आधी लोणचं घालत होते का?"

काकांना शिराझ तुरट लागली. "सालीचं," ते म्हणाले. टॅनिन हा शब्द न वापरता टॅनिन सांगणारा तिथला तो एकटा माणूस. मेव्हण्याला मात्र काहीच लागलं नाही, कारण त्याच्या जिभेवर अजून काळा रस्साच राज्य करत होता. तिखटावर लाल वाइन घेतली तर तोंड आणखी पेटतं, आणि तो दर घोटाला "बोल्ड आहे, बोल्ड आहे" म्हणत पाणी पीत होता.

जेवणाबद्दल लिहिण्यासारखं नाही. लाकडी फळीवर चीजचे सहा तुकडे, चार ऑलिव्ह, थोडे बेदाणे. किंमत ऐकून काकांनी बेदाणे मोजले.

खरी चव संध्याकाळी आमच्या गच्चीवर कळली. पाहुण्यांनी तीन बाटल्या घेतल्या होत्या: शेनिन, शिराझ आणि गोड अशी लेट हार्व्हेस्ट. येताना कोंडाजीचा चिवडा घेतला होता. बर्फात गार केलेली शेनिन आणि कोंडाजीचा चिवडा, ही जोडी कुठल्याही वाइनरीच्या कागदावर नाही, आणि असायला हवी. चिवड्याचं तिखट आणि तळलेला लसूण त्या किंचित गोड, आंबट घोटाने स्वच्छ धुतलं जातं आणि हात पुन्हा चिवड्याकडे जातो. चीजच्या फळीला मी या जोडीपुढे उभंही करणार नाही. शिराझ हिने केलेल्या काळ्या मसाल्याच्या वांग्याबरोबर बरी लागली. वांग्यात तिखट कमी होतं म्हणून.

काकींनी मारुतीला दिवा लावला, भाकरी-वांग्याने उपवास सोडला आणि मग सहज विचारलं, "ती गोड कुठली म्हणालास?" मेव्हण्याने अदबीने ओतली. पावाचा प्रश्न उपवासाबरोबर सुटलेला होता. अर्धी वाटी प्यायल्या. ग्लास त्यांनी नको म्हटला. "बरी आहे. श्रीखंडाआधी द्यावी." काका म्हणाले, "घडाला दीड महिना जास्त ठेवून एवढंसं काढतात. परवडतं कसं?" आणि अंगणात बॅटरी घेऊन आमच्या कुंडीतल्या वेलावर भुरी आली आहे का बघायला गेले.

रविवारी बुधा हलवाईची जिलबी खाऊन ठाण्याची गाडी समृद्धीला लागली. काकांनी घरी जाऊन अजून तरी वाइनचं एकही झाड लावलेलं नाही.

तुम्ही येणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. शनिवार टाळून मंगळवार-बुधवारी या. तीच वाइन, तीच बाग, रांग नाही. आधी वाइन आणि दुसऱ्या दिवशी मिसळ, हा क्रम उलटवू नका. गाडी चालवणारा माणूस आपला आपण आणा. आणि फेब्रुवारीतच या. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते, तेव्हा बागेत बघायला तारा आणि खुंट याशिवाय काही नसतं.