सिस्टरवहिनी

‘घर सांभाळून शिकतात हो बिचाऱ्या,’ असं जैनाबादेत सिस्टरवहिनींबद्दल बोललं जातं. बोलणारे त्या घरात कधी मुक्कामाला राहिलेले नाहीत. वहिनींनी घर सांभाळलं वगैरे काही नाही, सबंध घरच नर्सिंगला घातलं. नवरा म्हणजे आमचे भाऊ, तीन पोरं, सासूबाई, सासरे आप्पा आणि भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मी, असे आम्ही सगळेच बीएस्सी नर्सिंग करतो आहोत. फी तेवढी एकट्या त्यांची भरलेली आहे.

वहिनींची बारावी रावेरची, जीवशास्त्र घेऊन झालेली. मग लग्न झालं, त्या हद्द ओलांडून मध्य प्रदेशात, जैनाबादेत आल्या आणि बेडकाच्या आकृत्यांची वही माहेरच्या माळ्यावर पडली. ती त्यांनी चौतिसाव्या वर्षी खाली काढली. का, असं विचारलं तर एकच हकिकत सांगतात. धाकट्याच्या वेळी रक्त थांबेना, तेव्हा रात्रपाळीच्या एका सिस्टरनं एका हातानं त्यांचं पोट दाबून चोळत ठेवलं, दुसऱ्या हातानं सलाईन सारखं केलं आणि त्याच वेळी दारात गर्दी करणाऱ्या नातेवाइकांना खडसावून बाहेर काढलं. ‘तीन कामं एका वेळी करायची मला सवय होतीच,’ वहिनी म्हणतात, ‘फक्त सर्टिफिकेट नव्हतं.’

२०२०-२१च्या सत्रात त्या तापीपलीकडे बुऱ्हाणपुरात प्रवेश घ्यायला गेल्या. खिडकीतल्या बाबूनं मार्कशीट चाळली आणि विचारलं, ‘बच्ची कहाँ है?’ वहिनींनी खरं ते सांगितलं, ‘घर पे. पाँचवीं में है.’ वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींनी पहिल्या दिवशीच त्यांना ‘आंटी’ केलं. पहिल्या टेस्टनंतर त्या ‘दीदी’ झाल्या, कारण आंटीकडे नोट्स मागायला बरं दिसत नाही.

पहिलं संकट बांगड्यांचं. वॉर्डात कोपराखाली काही घालायचं नाही, बांगड्यांखाली जंतू राहतात, असा कॉलेजचा नियम. सवाष्णीनं मोकळ्या हातांनी उंबरा ओलांडायचा नाही, असा सासूबाईंचा. वहिनींनी दोन्ही नियम पाळले आणि मध्ये तापीचा पूल हद्द म्हणून ठरवला. आपे रिक्षा पुलावर चढली की बांगड्या डब्यात, संध्याकाळी पूल उतरला की हातात. एकदा दोन बांगड्या भेंडीच्या भाजीत निघाल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘बघ, जंतू आले घरी.’ रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं आणि पुढे विधवा बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं, तेव्हा बाकीच्या अडचणी ढीगभर असतील. बांगड्यांची अडचण मात्र समाजानं आधीच दूर करून ठेवली होती.

मग नर्सिंग फाउंडेशन हा विषय सुरू झाला. त्यात खाट घालायला शिकवतात. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली असा खोचायचा की रुग्ण कितीही वळवळला तरी सुरकुती पडू नये. वहिनींच्या पोरांच्या गोधड्या त्या आठवड्यापासून तशा खोचल्या जाऊ लागल्या. धाकटा रात्री लघवीला उठायचा, पण बाहेरच निघता येईना, तेव्हा बोंब मारून बापाला उठवायचा. हात धुण्याच्या पायऱ्या आल्या तेव्हा पोरं शाळेला उशिरा जाऊ लागली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. सगळं ठरल्या क्रमानं. हौदाशी उभी राहून वहिनी मोठ्यानं आकडे मोजायच्या, आणि मध्ये कोणी बोललं की पुन्हा एकपासून.

श्वास मोजण्याचं तंत्र तर फारच धूर्त आहे. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस नीट श्वास घेत नाही, म्हणून नर्सनं नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नाडीच बघतोय असं दाखवत छातीकडे लक्ष ठेवायचं. पुस्तकात हे ठीक आहे. पण वहिनींनी पुस्तक स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचल्यामुळे गुपित सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. आता त्यांनी मनगट धरलं की आम्ही श्वासच रोखतो. त्यांच्या वहीत माझ्या श्वासांची नोंद मिनिटाला सात अशी आहे. मी जिवंत कसा, याचा खुलासा त्यांच्या मॅडमनी मागितला होता.

इंजेक्शनचा सराव इतर मुली संत्र्यावर करत. केळीच्या मुलखात संत्रं कोण विकत घेतंय? वहिनी मळ्यात गेल्या. स्नायूत द्यायचं ते नव्वद अंशात, कातडीखाली पंचेचाळीस, असं पुटपुटत त्यांनी अख्खी एक ओळ टोचून काढली, नुसत्या पाण्यानं. केळीच्या फुलात फुलकिड्यांसाठी औषध टोचायची पद्धत इकडे आहेच, त्यामुळे मजुरांना यात वावगं वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘वहिनी, हे नवीन कशावर?’ वहिनी म्हणाल्या, ‘परीक्षेवर.’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळेवाल्यानं भाऊंना त्या औषधाची एजन्सी कुणाकडे आहे म्हणून फोन केला.

सगळ्यात जास्त भोगलं आप्पांनी. नवीन बीपीचं यंत्र घरात आलं त्या संध्याकाळी त्यांचं प्रेशर थोडं चढं निघालं. हाताशी आयता रुग्ण असताना वहिनी त्याला सोडणार थोड्याच! मीठ कमी, पापड बंद, लोणच्याची बरणी फळीच्या वरच्या खणात, आणि केळीच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता: तापमान, नाडी, श्वास, प्रेशर, पाणी किती प्याले, किती गेलं. शेवटचा रकाना भरायला आप्पांनी साफ नकार दिला. त्यावर नातवाला पाळतीवर बसवण्यात आलं. बुऱ्हाणपूरच्या मावा जलेबीचा पुडा घरात आला की आप्पा कॅलेंडराकडे पाठ करून बसत.

दिवा घेऊन शपथ घ्यायचा समारंभ झाला, तेव्हा मॅडमनी फ्लॉरेन्स नायटिंगेलच्या त्यागावर भाषण केलं. वहिनी घरी येऊन म्हणाल्या, ‘बाई मोठीच. पण तिनं लग्न केलं नव्हतं. माझ्यासारखी असती तर दिवा उचलायच्या आधी विचारलं असतं, यातलं तेल कुणी संपवलं?’

इथपर्यंत गाडी नीट चालली होती. मग परीक्षाच होईना. राज्यात कागदावरच्या नर्सिंग कॉलेजांचा बोभाटा झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, २०२३च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेर खंडपीठानं परीक्षांना स्थगिती दिली आणि सीबीआय कॉलेजं मोजायला निघाली. तीनशे आठ तपासली, त्यांतली पासष्ट नालायक ठरली. पुढे तपासणाऱ्यांतलाच एक इन्स्पेक्टर लाच घेताना पकडला गेला, म्हणजे तपासणीही प्रॅक्टिकलसकट झाली म्हणायची. या सगळ्यात २०२०-२१ला आत गेलेल्यांना पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी २०२४ उजाडलं. वहिनींनी प्रवेश घेतला तेव्हा थोरला आठवीत होता. तो नववीत गेला, दहावी झाला, अकरावीत जीवशास्त्र घेऊन बसला. आई फर्स्ट इयरलाच. त्यानं एकदा जेवताना सहज विचारलं, ‘मम्मी, तू नापास होतेस का गं?’ एवढ्या वर्षांत मी वहिनींना रडताना पाहिलं ते त्या एका रात्री. वर्गातल्या निम्म्या मुलींची लग्नं ठरत होती, भावकीतली माणसं ‘फुकट गेले पैसे’ म्हणत होती, आणि पैसे केळीच्या एका अख्ख्या हंगामाचे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका सीनियर मुलीकडून मिडवायफरीचं जाड पुस्तक आणलं. परीक्षा होत नसेल तर पुढचा अभ्यास! तीन बाळंतपणं गाठीशी असल्यामुळे हे पुस्तक त्या वाचत नसत, त्याच्याशी भांडत. ‘आईला आरामदायक स्थितीत ठेवावे’ या वाक्यासमोर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय: कुठे?

केस स्टडीला रुग्ण हवा. वहिनींना तो गावातच सापडला, आहूखान्याच्या बागेत. मुमताज महल जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली आणि आग्र्याला नेईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, तिला जैनाबादच्या त्या बागेत पुरलं होतं. गाइड लोक तिथं प्रेमाची गोष्ट सांगतात. वहिनींनी फॉर्म भरला. वय: अडतीस. पतीचा व्यवसाय: बादशहा. पत्ता: जैनाबाद (तात्पुरता). गर्भारपणं: चौदा. हयात मुलं: सात. कुटुंब नियोजनाचा सल्ला: दिलेला दिसत नाही. संभाव्य कारण: बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, इतक्या खेपांनी थकलेलं गर्भाशय आवळत नाही. उपाय: बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिनची दहा युनिट, दंडात किंवा मांडीत, आणि पोट चोळणं.

रविवारी त्यांनी आम्हाला आहूखान्यात नेऊन हे सगळं वाचून दाखवलं. दोन परगावचे पर्यटकही ऐकत उभे राहिले. एकानं विचारलं, ‘म्हणजे ते इंजेक्शन तेव्हा असतं, तर ताजमहाल झाला नसता?’

‘नसता झाला,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. जूनमधलं बुऱ्हाणपूर आहे हे, फ्रीज लागला असता.’ मग जरा थांबून, ‘आणि रात्रपाळीला एक सिस्टर.’

शेवटी परीक्षा झाली. अ‍ॅनाटॉमीच्या पेपरला जाताना थोरल्यानं आईला हृदयाचे कप्पे विचारले, आईनं त्याला झडपा विचारल्या. दोघांचीही उजळणी झाली. निकाल मोबाइलवर आला तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होत्या. मुलीनं नाव वाचलं, मग मार्क, मग पुन्हा नाव. सासूबाईंनी ओटी भरायला तांदूळ काढले. भाऊ काही न बोलता मळ्यात निघून गेले आणि गावात वाटायला घड घेऊन आले.

आप्पा गर्दी ओसरायची वाट बघत होते. मग काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले.

‘पास झालीस ना, माय? मग आता मला डिस्चार्ज दे.’

वहिनींनी पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला, फुगवला, काटा पाहिला. ‘अजून तीन वर्षं बाकी आहेत, आप्पा.’

‘तुझी?’

‘आपली,’ वहिनी म्हणाल्या आणि कॅलेंडरवर आकडा लिहिला.