नाकातलं वजन

आयतं मॉडेल विमान काका हातात घेतात ते थेट उलटं करून. पोटाखालचे स्क्रू मोजतात, 'डालडा' म्हणावं तशा सुरात "डायकास्ट" म्हणतात आणि परत देतात. जावयाने येलहंक्याच्या एअरो इंडियातून तयार तेजस आणलं तेव्हाही हेच झालं. जावई म्हणून पुढे फक्त "छान आहे" जोडलं.

काका बंगळूरच्या मुरुगेशपाळ्यात राहतात. पस्तीस वर्षं एचएएल या विमान कारखान्यात होते, पगारपत्रकांच्या विभागात. खऱ्या विमानाचा एक रिव्हेटही त्यांच्या हातून बसलेला नाही. पण जुळणीचा विषय निघाला की "आम्ही" सुरू होतं. "सोलापूरच्या वालचंदांनी १९४० साली इथं कारखाना काढला. पुढच्याच वर्षी आम्ही हार्लो विमान उडवलं. भाग अमेरिकेतून आले, जोडले इथं. म्हणजे किटच की!" तेव्हा काकांचा जन्म व्हायचा होता, पण ते असो.

मागच्या जुलैपासून जेवणाच्या टेबलावर एचएएलच्या मारुत लढाऊ विमानाचं किट होतं. प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. हे इतक्यांदा ऐकलंय की काकू भाजी वाढताना विचारतात, "अख्खी वाढू की बहात्तरावा भाग?" घर मांडीवर ताट घेऊन जेवायचं. पावसाळी हवेत रंग वाळेना म्हणून काकूंचा हेअर ड्रायर गेला. पंखांवरची चक्रं पाण्यात भिजवून, सरकवत बसवायची असतात. त्यासाठी श्रीखंडाची वाटी गेली. एकदा चाकाचं तांदळाएवढं झाकण पडलं. दोन दिवस केर काढायला बंदी. शेवटी ते काकूंच्या अंबाड्यात सापडलं.

"डिझायनर कुर्ट टँक १९५६ला आला आणि मारुत उडालं १९६१ला. पाच वर्षं लागली!" काका म्हणायचे.

"ते खरं विमान होतं हो," काकू म्हणायच्या.

माझं विचाराल तर मला आयतंच बरं वाटतं. मात्र आयत्या विमानाबद्दल किंमत सोडून सांगण्यासारखं काही नसतं, हे कबूल.

१७ जूनला, खऱ्या मारुतच्या पहिल्या उड्डाणाच्या तारखेला, काकांनी सगळ्यांना बोलावलं. पुसलेल्या टेबलावर विमान ठेवलं. नाक हळूच वर गेलं आणि मारुत शेपटावर बसलं. नाकाखाली चाक असलेल्या मॉडेलच्या नाकात, धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी, शिशाचं वजन भरावं लागतं. सूचनापत्रकात तसं लिहिलेलं असतं. सूचनापत्रक, काकांच्या मते, आयतं घेणाऱ्यांसाठी.

"टेकऑफच्या पोझिशनमध्ये आहे," काका म्हणाले.

जावई काही बोलला नाही, शहाणा आहे.

आता शोकेसमध्ये तेजस स्टँडवर ताठ आहे. शेजारी मारुत, त्याच्या शेपटाखाली काकूंनी टिकल्यांची डबी सरकवली आहे.