मीटरवाले काका

गाडीतला रेडिओ खरखरायला लागला की चारचौघं स्टेशन बदलतात, नाहीतर सरळ मोबाइल जोडतात. मीटरवाले काका स्टिरिओच बाहेर ओढतात. गाडी स्वतःचीच असली पाहिजे, असाही त्यांचा आग्रह नसतो.

पुण्यातल्या सोसायटीचं पार्किंग, रविवारची सकाळ, आणि बाह्यांचा बनियन घातलेले काका. उभं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, त्यामुळे वायर दिसली की ती कुठेतरी तुटलेलीच असणार अशी त्यांची श्रद्धा.

"काका, स्टिरिओ गेलाय बहुतेक. नवीनच टाकतो."

"स्टिरिओला काय धाड भरलीय? अँटेनाची केबल बघितलीत?"

केबल कोण बघतं हो! ती डॅशबोर्डमागून खांबात शिरते आणि छताच्या अस्तराखालून वर जाते. गाडीमालकाला जन्मात दिसत नाही. काका खिशातून पिवळा मल्टीमीटर काढतात, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवतात. बीप! "ऐकलंत? आधी मीटरची परीक्षा, मग तुमची." मग मालकाला छतावर वाकवून एक टोक दांडीच्या बुडाला धरायला लावतात. दुसरं टोक स्वतः स्टिरिओमागच्या प्लगच्या पिनेला. "पिन ते दांडी वाजलं पाहिजे. पिन ते बाहेरची कडी वाजता कामा नये, वाजलं तर शॉर्ट. कडी ते पत्रा पुन्हा वाजलं पाहिजे, नाहीतर अर्थ गेला. म्हणा!" मालक म्हणतो. उन्हात पत्रा तापलेला असतो. "आता केबल हलवा. अहो हलवा, गोंजारताय काय!" हलवताना बीप अडखळला तर काकांचा चेहरा असा उजळतो, की मालकालाही नुकसान झाल्याचं वाईट वाटत नाही.

छतावरचे ते माशाच्या परासारखे नवे अँटेना काकांना मुळीच आवडत नाहीत. "पोटात अँप्लिफायर असतो मेल्यांच्या, मीटर काय बोलणार? रेडिओ चालू करून तिथवर बारा व्होल्ट पोचतात का, एवढंच बघायचं." एफएमला दांडी पाऊण मीटर हवी, जुन्या पद्मिनीला होती तशी, ओढून लांब करायची. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर रेडिओ जातो अशी कुणी तक्रार केली, तर मात्र ते केबलची बाजू घेतात. "तो दोष डोंगराचा. एफएम नाकासमोर चालतं, वळत नाही. मीडियम वेव्ह लावा, ७९२. पुणे आकाशवाणी, १९५३ पासून आहे." स्वतः काका रेडिओ ऐकताना कुणी पाहिलेलं नाही.

परवा एका गाडीत सगळं जिथे वाजायचं तिथे वाजलं, नको तिथे गप्प राहिलं. रेडिओ खरखरतच होता. काका घाम पुसत छताचं अस्तर उचकटायची भाषा करू लागले, तेव्हा मालकाची मुलगी मागच्या सीटवरून पुढे वाकली आणि तिने आपला मोबाइल चार्जरसकट उपटून घेतला. खरखर बंद. विविध भारती स्वच्छ.

"म्हणजे केबल उत्तम आहे," काका पडलेल्या आवाजात म्हणाले. "मी म्हणतच होतो." सकाळभर ते नेमकं उलटं म्हणत होते, पण तापल्या पत्र्याशी झुंजलेल्या माणसाला कोण काय बोलणार? मालकाने हौसेने आवाज वाढवला.

"बंद करा हो ते आधी," काका म्हणाले. त्यांचा कान मागे लागला होता. "डिकी उघडा बघू. मघाशी लावताना कुलूप दोनदा वाजलं."