पेटी सुस्थितीत आहे

सरकारी कागदावर कुठलीच वस्तू मरत नाही, तिचं निर्लेखन होतं. आणि ते झाल्याशिवाय तिच्या जागी नवी येत नाही. आमच्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतली पेटी या दोहोंच्या मधे लटकून आहे.

तिची प्रकृती सांगतो. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशनने चिकटवलाय. पंचमाची पट्टी दाबली की खालीच बसते, करंगळीने उचलावी लागते. एक सूर मात्र कुणी हात न लावता वाजत राहतो. गुरुजी त्याला तानपुरा म्हणतात. डग्ग्याची पुडी फाटल्यापासून त्यात खडू राहतात. लेझमांच्या चकत्या गळून गेल्या, उरलीत ती नुसती धनुष्यं. डेडस्टॉक रजिस्टरात मात्र सगळं ठणठणीत.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तिथे निदान वाद तरी रंगला: पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत वगैरे. आमच्या शाळेत बंदीची गरजच पडली नाही. फाइल पुरली.

तुम्ही म्हणाल, अनुदान असतंच की. असतं ना! समग्र शिक्षातून पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला, मग वीजबिल, खडू, गळकं छप्पर, नळाची तोटी. तोटीनंतर संगीताचा नंबर. आणि शिकवणार कोण? शिक्षणहक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन शिक्षक आहे, पण सहावी ते आठवीला, तेही पट शंभरावर असेल तर. पोरांना गळा सहावीत फुटतो, असं या कायद्याचं शरीरशास्त्र असावं.

तरी गुरुजींनी अर्ज केला. तीन दरपत्रकं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांची शिफारस, पेटीचे चारही बाजूंनी फोटो. प्रकरण शेरा मारून परत आलं: ‘फोटोवरून वस्तू नादुरुस्त असल्याचे दिसून येत नाही.’ खरंच आहे. बेसूरपणाचा फोटो कुठल्या बाजूने काढायचा? गुरुजींनी आवाज रेकॉर्ड करून पेनड्राइव्ह जोडला. तो पंच करून फाइलला लावता येईना, म्हणून परत.

शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले. खुर्ची, चहा, नारळ झाला. ‘वाजवून दाखवा,’ म्हणाले. चौथीतली एक मुलगी पेटीवर बसली. रोज परिपाठाला राष्ट्रगीत आणि २०२३ साली आलेलं राज्यगीत तीच वाजवते. भाता मारता मारता अंगठ्याने ट्यूबचा तुकडा दाबून धरायचा, करंगळीने पंचम उचलायचा आणि आपणहून वाजणाऱ्या त्या सुराशी जुळेल अशीच पट्टी धरायची, हे सगळं तिचं तिने बसवलंय. कुणी शिकवलेलं नाही; शिकवणारा सहावीला भेटणार होता.

तिने राज्यगीत असं काही काढलं की साहेबांचे डोळे पाणावले. ‘वा! आणि म्हणे पेटी खराब!’ खिशातलं पेन तिला बक्षीस दिलं. मग गुरुजींचं पेन मागून घेऊन शेरा लिहिला: ‘वाद्य सुस्थितीत. निर्लेखनाची आवश्यकता नाही.’

फेरपाहणी मार्चच्या आत व्हायची आहे. त्यासाठी गुरुजी शाळा सुटल्यावर तिला थांबवून बेसूर वाजवायचा सराव देतात. जमत नाही तिला. चुकीच्या पट्टीवर बोट पडलं की तिचंच तोंड वाकडं होतं, आणि ‘थांबा गुरुजी, चुकलं’ म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून नीट वाजवते.