फुकटचं दहिवर, महागडा रंग

डिसेंबरातली सकाळ. पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कानटोपी घातलेले काका पिवळं फडकं घेऊन गाडीभोवती फिरत असतात. बादली नाही. असल्या गारठ्यात पाण्यात हात कोण घालणार? शिवाय टपावर फुकटचं दहिवर आहेच. तेच फडक्यानं सगळीकडे फिरवलं, की गाडी चकाचक आणि काका चहाला मोकळे.

दहिवर फुकट खरं, पण ते धुळीवर पडलेलं असतं. रात्री उघड्यावरचा टप आपली उष्णता आकाशाकडे सोडत भोवतालच्या हवेहून गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. शेजारच्या बांधकामाची धूळ तिथं आधीच मुक्कामाला असते. तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या 10 पायऱ्यांत क्वार्ट्झ सातवीवर आहे, साध्या चाकूच्या पात्याच्याही वर. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर मात्र साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे सहसा डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. फडकं, ओल आणि वाळू एकत्र आली, की सुताराच्या पॉलिश पेपरात आणि काकांच्या मायेत फारसा फरक उरत नाही.

पुरावा दुपारी उन्हात मिळतो. बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघा दिसतात. खापर लगेच गाडी पुसणाऱ्या पोऱ्यावर: ‘गोल गोल हात फिरवतोस!’ बिचाऱ्यानं सरळ फिरवला असता तरी वर्तुळच दिसलं असतं. रेघा सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात.

उपाय सोपा आहे, फक्त त्यात पाणी लागतं. आधी टपावरून मगानं भरपूर पाणी ओतायचं. या वेळी गाडीला हात लावायचा नाही; धूळ आपसूक जितकी वाहून जाईल तितकी जाऊ द्यायची. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. दुसरी बादली पाहून वॉचमन विचारतो, ‘अजून कोणाची गाडी आहे, काका?’ पाच मिनिटांत तिच्या तळाशी साचलेला गाळ बघितला, की तो प्रश्न पुन्हा विचारत नाही.

टपापासून सुरुवात करून खाली यायचं, चाकांजवळचा चिखल शेवटी. फडकं मायक्रोफायबरचं, लव असलेलं. कण तिच्यात शिरतात, रंगावर घासले जात नाहीत. जुनं बनियन या कामाला नालायक. एवढी सेवा करून ते निवृत्त झालेलं असतं, तर त्याला पुन्हा कामाला जुंपू नये.

थंडीचा एक फायदा असतो, पाणी सावकाश वाळतं. त्यामुळे बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडायच्या आत गाडी टिपून घेता येते. बाहेरून नुकतीच आलेली असेल, तर बॉनेट आधी निवू द्यायचं.

आणि फडकं खाली पडलं, की धुऊन निघेपर्यंत ते बाद. काकांना ही अट सगळ्यात जाचक वाटते. ते उचलतात, दोनदा झटकतात, ‘काही होत नाही’ म्हणतात आणि थेट डिकीवर फिरवतात.